सर्व वस्तू पाहिल्या, ठीक आहेत

मला विश्वस्त करायचं म्हणून बाई अकोल्याहून अमरावतीला माझ्या ऑफिसात आल्या, तेव्हा त्या बोलायला लागायच्या आधीच मी मनात हो म्हणून बसलो होतो. वकिलाला काय पाहिजे? नावापुढं काहीतरी. लग्नपत्रिकेत, सत्काराच्या बॅनरवर, कोर्टाच्या बार रूममध्ये बोलता बोलता सहज सांगायला. ‘संग्रहालयाचा विश्वस्त’ हे शब्द मला ऐकायलाच इतके गोड लागले की बाई पुढं काय सांगत होत्या तिकडे माझं निम्मंच लक्ष होतं.

बाई म्हणजे जुने शहर भागातल्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. तीस वर्षं त्यांनी वऱ्हाडातल्या घराघरांतून अडगळीत पडलेल्या वस्तू गोळा केल्या. दगडी जाती, शेर-पायलीची मापं, बैलांच्या घुंगरमाळा, हातानं सरकी काढायचा लाकडी रेचा, पेरणीच्या तिफणी, कोळपणीचे डवरे. मोर्णा नदीच्या पलीकडे एका बंद पडलेल्या जिनिंगचं गोदाम त्यांना मिळालं आणि तिथं हे सगळं मांडलं. सरकारी अनुदान नाही, मोठा शेठ पाठीशी नाही. चार विश्वस्त, एक राखणदार आणि बाईंचा हट्ट, एवढ्यावर चाललेलं.

“हे बघा वकीलसाहेब,” बाई म्हणाल्या, “वर्षाला ऐपतीप्रमाणे काहीतरी द्यायचं. किती ते मी विचारणार नाही, पण दिल्यावर तुम्हाला जरा तरी जाणवलं पाहिजे. आणि महिन्यातला एक रविवार यायचं. स्वतः. ड्रायव्हर पाठवायचा नाही, ज्युनिअर पाठवायचा नाही. खिशातून द्या अन् अंगानंही या. दोन्हीतलं एकच करणारे मला पुष्कळ भेटलेत.”

“अहो, येणार म्हणजे येणार!” मी टेबलावर हात आपटून म्हणालो. मला टेबलावर हात आपटून बोलायची सवय आहे. खोटं बोलताना जरा जास्तच जोरात आपटतो, हे मला अलीकडं कळलं.

रविवारी जायचं म्हणजे नुसतं खुर्ची टाकून बसायचं नव्हतं. गोदामाला चार भिंती, आम्ही चार विश्वस्त, महिन्याचे चार रविवार. ज्याची बारी असेल त्यानं आपल्या भिंतीवरची लाकडाची प्रत्येक वस्तू स्वतःच्या हातानं खाली घ्यायची, उलटी करायची आणि कानाजवळ धरून बोटाच्या पेरानं ठोकून पाहायची. आवाज खणखणीत आला तर लाकूड जिवंत. भद् आला तर आतून कोणीतरी खातंय. खाली भुसा पडलाय का, भिंतीवर मातीची रेघ चढतेय का, ते पाहायचं. मग बारीच्या वहीत तारीख टाकून शेरा लिहायचा आणि सही करायची. विश्वस्त हजर नसेल तर राखणदारानं कोणत्याही वस्तूला हात लावायचा नाही, हा पक्का नियम. कारण आधीच्या राखणदारानं एक जुना तांब्याचा हंडा चिंच-मीठ लावून असा लखलखीत घासला होता की त्यावर कोरलेली अक्षरंच निघून गेली. बाईंनी तेव्हा म्हणे दोन दिवस जेवण केलं नव्हतं.

माझ्या वाट्याला मागची भिंत आली.

पहिलं वर्ष मी इमानदारीनं गेलो, हे सांगितलं पाहिजे, कारण पुढं सांगण्यासारखं काही नाही. सकाळी अमरावतीहून निघायचं, मूर्तिजापूरला चहा, दहाच्या आत गोदामात. राखणदार दारात उभाच असायचा. साठीचा, काटक माणूस. सगळे त्याला भाऊ म्हणत. मी म्हणजे विश्वस्त, पण लाकूड ठोकायला मला भाऊनंच शिकवलं. “असं नाई जी, साहेब. दारावर ठोकल्यावानी नोका ठोकू. डाक्टर लेकराची छाती ठोकते ना, तसं.” मला ते इतकं आवडलं की घरी आल्यावर मी डायनिंग टेबल ठोकून पाहायचो, पलंग ठोकायचो. बायको म्हणायची, “माझी कवटी पण एकदा बघून घ्या, भद् येतो का.”

त्याच वर्षी मी संग्रहालयात एक वस्तू आणली. बाईंची तीही अपेक्षा असायची की विश्वस्तानं माणसं जोडावीत, वस्तू जोडाव्यात. भातकुलीकडची एक मावशी माझी अशील होती. वाटणीचा दावा होता, तिच्या बाजूनं लागला. निकालाचा कागद द्यायला मी तिच्या घरी गेलो तर खांबावर एक चाडं लटकवलेलं दिसलं. चाडं म्हणजे तिफणीवरची लाकडाची वाटी. तिच्या बुडाला भोकं असतात, भोकांतून नळ्या जमिनीत जातात, आणि तिफणीमागून चालणारी बाई मूठ मूठ बी त्या वाटीत सोडते. हे चाडं शिसवीचं होतं, आतून काळं तुळतुळीत झालेलं. तिच्या सासूच्या सासूपासूनच्या बायांच्या हातांनी ते तसं झालं होतं.

मी मागितलं. मावशीनं लगेच दिलं नाही. “आमची पेरणी आता ट्रॅक्टरनंच होते,” ती म्हणाली, “पन पयली मूठ या चाड्यातूनच पडते. बांधाच्या धुऱ्याजवळ एक ओळ हातानं पेरतो, मंग ट्रॅक्टर चालू. मिरगाले मले हे घरी पाह्यजे. एक दिवस. दुसऱ्या दिवशी तुमचं तुमी घेऊन जा.”

मी म्हटलं, त्यात काय! तिथंच बसून करारनामा लिहिला. वस्तू मावशीची, ठेव संग्रहालयाकडं, दर वर्षी पेरणीला एक दिवस घरी. तिला वाचता येत नव्हतं. “काय लिवलं जी, वाचून दाखवा,” ती म्हणाली. मला घाई होती. मधली कलमं मी पुटपुटत उरकली आणि शेवटचं तेवढं मोठ्यानं वाचलं, की विश्वस्त ही वस्तू आपल्या घरच्या वस्तूसारखी सांभाळतील.

“तुमी म्हन्ता म्हून देऊन राहिली,” ती म्हणाली.

पुढची दोन वर्षं ते चाडं मिरगाच्या आधी घरी गेलं आणि परत आलं. नेणारा मी नव्हतो. बाईंच्या देखत भाऊ ते भिंतीवरून काढायचा, धुतलेल्या धोतराच्या फडक्यात गुंडाळायचा आणि मांडीवर घेऊन एसटीनं अकोल्याहून अमरावती, तिथून भातकुली असा जायचा. एक मुक्काम करायचा, मावशीकडची पाटवडी खायचा आणि दुसऱ्या दिवशी चाडं घेऊन यायचा. मी मात्र पाहुण्यांना सांगायचो, “ही वस्तू मी आणलेली. आणि बघा, आमच्याकडं वस्तू माहेरी जाते!” लोक वा वा करायचे. मी ती वा वा खिशात घालायचो.

आणि याच काळात माझे रविवार सुटले.

कारण काय सांगू? मोठं कारण असतं तर बरं झालं असतं. आजार नाही, आपत्ती नाही. एका रविवारी लग्न होतं. एका रविवारी मॅच होती. एका रविवारी नुसतीच झोप आली. मग असं झालं की जायचं नाही हेच ठरलेलं आणि गेलो तर विशेष. त्याची भरपाई म्हणून मी देणगी वाढवली. जितके रविवार बुडाले तितका चेक मोठा. बायको एकदा म्हणाली, “तुमचं म्हणजे लग्नाला अहेर पाठवायचा अन् तोंड दाखवायचं नाही, असं चाललंय.” मी तिच्यावर खेकसलो. खेकसलो म्हणजे तिचं खरं होतं.

पण वही तर भरावी लागे. तीन महिन्यांनी बैठक व्हायची. त्या दिवशी मी जरा लवकर जाऊन बसायचो आणि मागच्या तीन महिन्यांचे तीन शेरे एका बैठकीत, एका पेनानं लिहून टाकायचो. ‘सर्व वस्तू पाहिल्या, ठीक आहेत.’ खाली सही. आयुष्यभर मी साक्षीदारांना उलटतपासणीत असल्याच कागदांवरून घाम फोडलाय, तोच मी तिथं जुनाट रेच्याशेजारी बसून बिनधास्त खोटं लिहीत होतो. भाऊ चहा आणून ठेवायचा. वहीकडं पाहायचा आणि झाडू उचलून जायचा.

त्यानंतरच्या वर्षी, होळीच्या सुमाराला, भाऊचा फोन आला. “साहेब, मांगच्या भितीले ओल आली जी. छपरातून पानी मुरून राहिलं अवकाळीचं. तुमच्या वस्तू उतरवू का खाली?”

“हात नको लावू,” मी म्हणालो. “नियम माहीत आहे ना? मी येतो रविवारी.”

गेलो नाही. एप्रिलमध्ये परत फोन. “साहेब, येता का? मले भितीवर मातीची रेघ दिसून राहिली. बाईले सांगू का?”

“अरे, बाईंना कशाला त्रास? त्यांची तब्येत बरी नाही. माझी भिंत आहे ना? येतोय मी. तोवर हात लावू नको म्हणतो ना!” मी जोरात बोललो. कोर्टात होतो, पक्षकार समोर होते, आणि चौकीदाराशी कडक बोलणारा वकील जरा बरा दिसतो.

यानंतर मी काय केलं? छपराचा खर्च मी देतो, असं बाईंना फोन करून सांगितलं. सगळ्या छपराचा. बाईंनी ‘सगळ्या?’ असं दोनदा विचारलं. गेली पाच वर्षं बाई त्याच छपरासाठी लोकांचे उंबरठे झिजवत होत्या. मला इतकं भारी वाटलं की पुढचे दोन रविवार तर मला त्या भिंतीची आठवणही झाली नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. आणि माझा उंट जरा जास्तच उंच होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बैठक होती. नेहमीप्रमाणे मी आधी पोचलो, वहीत तीन शेरे लिहिले. शेवटची तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. अजून शाई वाळली नव्हती, तोच मावशी दारात. तिच्या लेकीचं सासर अकोल्यात, तिच्याकडं आली होती. म्हणाली, “म्हटलं भाऊले काहून तरास, यंदा मीच नेतो.” हातात कोरं फडकं होतं.

बाई आल्या, डॉक्टर आले, तेल गिरणीवाले शेठ आले. हे दोघं आमचे बाकीचे विश्वस्त. मी मोठ्या रुबाबात म्हणालो, “भाऊ, काढ रे चाडं. मावशींच्या हातात दे.”

भाऊनं माझ्याकडं पाहिलं. मग तो स्टुलावर चढला आणि दोन्ही हातांनी चाडं उचललं. वरची कड तेवढी हातात आली. बूड भिंतीलाच चिकटून राहिलं आणि मग मातीसकट खाली सांडलं. शिसवीला उधई, म्हणजे वाळवी, लागत नाही म्हणतात. नाही लागत, जोवर कोरडी आहे तोवर. मागं महिनोन् महिने ओल मुरत होती. पांढऱ्या किड्यांचं वारूळच झालं होतं तिथं. शेजारच्या दोन वस्तूही आतून गेल्या होत्या, पण त्यांचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही. मी मावशीच्या हातातल्या फडक्याकडं पाहत होतो.

बाई खुर्चीत बसल्या. शेठ तापले. “हे एका दिवसाचं काम नाई. कोणाची भिंत? वही पाहा बरं.”

वही उघडली. माझी ओली शाई. डॉक्टरांनी वाचलं, “तीन आठवड्यांपूर्वी वकीलसाहेबांनी पाहिलंय. ठीक होतं.” मग सगळे भाऊकडं वळले. “म्हणजे तीन आठवड्यांत एवढं झालं, अन् रोज झाडणाऱ्या माणसाला दिसलं नाई? भितीवर एवढी रेघ? का रे?”

इथं मला एक वाक्य बोलायचं होतं. फक्त एक. ‘मी आलोच नव्हतो.’ तीन शब्द. मी ते तोंडात घोळवलं. खोटं वाटेल, पण खरंच घोळवलं. आणि तेवढ्यात भाऊ बोलला.

“हो जी. चुकलं माह्यं. माह्या ध्यानात नाई आलं.”

फोनबद्दल एक अवाक्षर नाही. खाली पाहून, हात जोडून तो उभा होता. ज्या मावशीच्या हातची पाटवडी त्यानं दोन वर्षं खाल्ली, तिच्यासमोर.

आणि मी? मी तोंडातलं वाक्य गिळलं आणि उदार झालो. हो, उदार! मी घसा खाकरून म्हणालो, “निष्काळजीपणा झालाय, पण माणूस जुना आहे. उगाच तमाशा नको. दोन महिन्यांचा पगार देऊ आणि सन्मानानं मोकळं करू.” शेठ म्हणाले, “वकीलसाहेबांचं मन मोठं.” डॉक्टरांनी मान डोलावली. बाई काहीच बोलल्या नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर फाशी देणारा म्हणे दयाळू.

मावशी खाली बसून मातीतून लाकडाचे तुकडे वेचत होती. ते तिनं त्या कोऱ्या फडक्यात बांधले. उठताना भाऊकडं बघून म्हणाली, “हा मानूस चाडं आने ना, त मांडीवरचं लेकरू आनल्यावानी आने. यानं नाई नासवलं.” मग माझ्याकडं वळली. “साहेब, तुमी वाचून दाखवलं होतं मले. घरच्यावानी सांभाळू म्हून. तुमच्या घरी असंच सांभाळते का?”

मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही. आठवत नाही हे बरंच आहे.

त्या वर्षी तिच्या शेतात पहिली मूठ कशातून पडली, मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

दसऱ्याला छप्पर पूर्ण झालं. दाराशी संगमरवरी पाटी लागली, तिच्यावर माझं नाव, कोरलेलं, सोनेरी. शाल, श्रीफळ, हार. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी मागच्या भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडं पाठ करून उभा होतो. शाल काढून टाकावी वाटली. काढली नाही.

दिवाळी झाल्यावर एक दिवस मी बाईंच्या घरी गेलो. एकटाच. बसायच्या आधीच बोललो. “बाई, मी त्या तारखेला आलो नव्हतो. त्याच्या आधीही नाही. भाऊनं मला दोनदा फोन केला होता.”

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला. “फोनचं माहीत नव्हतं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही आला नव्हता, ते माहीत होतं. तीन शेरे एका शाईत. तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्यात मी.”

“मग त्या दिवशी बोलला का नाहीत?”

“छपरासाठी,” बाई म्हणाल्या. “तुमच्यावर बोट दाखवलं असतं तर छप्पर गेलं असतं. भाऊलाही तेच वाटलं. जाताना मला म्हणाला, ‘राखनदार दुसरा भेटन बाई, छप्पर देनारा नाई भेटनार.’ आणि मी त्याला जाऊ दिलं. मला तुमच्यापेक्षा जास्त लाज वाटली पाहिजे वकीलसाहेब, कारण मी विचार करून केलं.”

मी चेक देत होतो तेव्हा मला वाटायचं, मी संग्रहालयाला आधार देतोय. त्या दिवशी कळलं की मी त्यांची तोंडं बंद करत होतो. मागितलं नव्हतं कोणी, पण भाव बरोबर लागला होता.

भाऊ शेंदूरजनाघाटला मुलीकडं होता, जावयाच्या संत्र्याच्या बागेत राखणीला. मी गाडी काढून गेलो. बागेत बाजेवर बसून तो दोरी वळत होता. मला बघून उठला, बाज झटकली. “या साहेब, बसा. संत्रं खाता का?”

मी बसलो नाही. म्हणालो, “भाऊ, मी सगळं सांगितलं. चूक माझी होती हे कबूल केलं. तू परत चल. बाईंनी बोलावलंय.”

“कोनाले सांगतलं?”

“बाईंना.”

“अजून?”

“बाईंनाच. त्यांच्या घरी जाऊन.”

तो हसला. राग नव्हता त्यात, तेच वाईट. “चांगलं केलं साहेब. पन मले सांगा, मी कामचोर ठरलो त सगळ्याइच्या समोर, भर मिटिंगीत, त्या मायच्या समोर. अन् सोडवलं मले एकाच्या कानात? असं कसं जी? तुमच्या कोर्टात असंच चालते?”

चाळीस वर्षं वकिली केली, पण एवढा बिनतोड युक्तिवाद कोर्टात कधी ऐकला नव्हता. त्यानं माझ्या हातात चार संत्री दिली. “लेकरायले न्या,” म्हणाला. नको म्हणता येईना. गाडीत ती संत्री शेजारच्या सीटवर होती आणि वरूड ते अमरावती मला त्यांच्याकडं पाहवत नव्हतं.

पुढच्या बैठकीत मी उभा राहिलो. डॉक्टर होते, शेठ होते, नवा राखणदार होता. मावशीला मी स्वतः भातकुलीहून गाडीत घेऊन आलो होतो. ती आली ती माझ्यासाठी नाही, भाऊसाठी. मी वही उघडली, खोट्या शेऱ्यांच्या खाली जागा होती तिथं सगळ्यांसमोर खरं काय ते लिहिलं आणि लिहिलेलं वाचलं. शेठ म्हणाले, “जाऊ द्या ना साहेब, झालं ते झालं. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा?” डॉक्टर मोबाइल पाहायला लागले. कोणाला ते ऐकायचं नव्हतं. कारण वहीची मागची पानं उलटली असती तर अजून दोघांचीही एकाच शाईतली पानं निघाली असती. ते मी पाहिलं होतं, पण तो त्यांचा प्रश्न. मी राजीनामा पुढं केला. बाईंनी तो परत ढकलला. “पळू नका,” म्हणाल्या. “रविवारी या.”

आणि त्यांनी मागच्या भिंतीजवळ, चाड्याच्या रिकाम्या खिळ्याखाली, एक काचेची पेटी ठेवली. पेटीत बारीची जुनी वही, ते पान उघडं. शेजारी मावशीनं दिलेला चाड्याचा एक तुकडा, बोटाएवढा. बाकीचे तिनं आपल्या शेतात धुऱ्याशी पुरले होते. येणाऱ्या प्रत्येक माणसाला, ज्याची बारी असेल त्यानं ते पान वाचून दाखवायचं, असा नवा नियम.

भाऊ कामावर परत आला नाही. “आता जावयाचं आयकतो,” असा निरोप आला. माझे रविवार मात्र चुकले नाहीत. मी वस्तू उतरवतो, ठोकतो, नव्या वहीत लिहितो. कोणी पेटीजवळ आलं की वाचून दाखवतो. खरं सांगतो, पहिले काही रविवार मी ते पान भराभर वाचायचो. मावशीला करारनामा वाचून दाखवला होता तसंच, पुटपुटत. लोक ‘हं हं’ करून पुढं जायचे.

मागच्या रविवारी बरीच गर्दी होती. जुन्या शहरातली दोन कुटुंबं, एका कॉलेजच्या मुली. माणसांच्या मागून कोणीतरी पुढं आलं. पांढरा सदरा, हातात तिकीट. भाऊनं तिकीट काढलं होतं. दारावरचा नवा राखणदार त्याला ओळखत नव्हता.

तो सगळ्या भिंती बघत बघत आला. एका तिफणीला सवयीनं हात लावायला गेला आणि मागं घेतला. मग पेटीपाशी थांबला. बराच वेळ पानाकडं पाहिलं.

“काय लिवलं जी यात?”

“भाऊ, तुला वाचता येतं ना,” मी हळूच म्हणालो.

“चष्मा नाई आनला,” तो म्हणाला. सदऱ्याच्या खिशातून चष्म्याची दांडी दिसत होती.

मी वाचायला लागलो. “वरच्या तिन्ही तारखांना मी आलो नव्हतो. शेरे खोटे आहेत. राखणदारानं मला दोनदा फोन करून—”

“साहेब,” भाऊनं थांबवलं. मागं उभ्या असलेल्या माणसांकडं त्यानं हात केला. “मोठ्यानं वाचा. मांगच्याइले आयकू नाई येऊन राहिलं.”

मी पहिल्यापासून सुरुवात केली.